लिनक्सवर गेम? चालतो की राव!

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. रीतसर नोंदणी करणाऱ्यांना सिक्युरिटी अपडेटची वर्षभराची जादा मुदत मिळाली, बाकीच्यांना ‘विंडोज ११ घ्या’ असा सल्ला. आता ताईने इंजिनीअरिंगला वापरलेला लॅपटॉप ज्याच्या वाट्याला आलाय, त्याने काय करायचं? विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणजे धडधाकट मशीन केवळ कागदोपत्री म्हातारं! आणि घरी नव्या लॅपटॉपचा विषय काढला की काय ऐकावं लागतं, ते सांगायला नको.

अशा वेळी कुणीतरी म्हणतंच, ‘लिनक्स टाक, फुकट आहे.’ त्यावर ठरलेलं उत्तर, ‘आणि गेम?’

हे उत्तर बरीच वर्षं बरोबरही होतं. हेलसिंकीत शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स सुरू केलं. पुढे सर्व्हरपासून अँड्रॉइड फोनपर्यंत ते सगळीकडे पोचलं, पण गेमर्सनी काही त्याला दारात उभं केलं नाही. चित्र पालटलं ते २०१८ मध्ये. स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीने ‘प्रोटॉन’ आणलं.

प्रोटॉन म्हणजे दुभाष्या. गेम विंडोजच्या भाषेत, म्हणजे डायरेक्टएक्समध्ये, ग्राफिक्सच्या ऑर्डरी सोडतो. प्रोटॉन त्या चालता चालता वल्कनच्या भाषेत करून देतो. आत अख्खं खोटं विंडोज चालवलं जात नाही, त्यामुळे बऱ्याच गेममध्ये स्पीडचा फरक जाणवतही नाही. पहिल्यांदा गेम उघडताना शेडर तयार व्हायला वेळ लागतो, तेवढा धीर धरा. २०२२ मध्ये आलेला स्टीम डेक हा हातात धरायचा गेमिंग पीसीसुद्धा लिनक्सवरच चालतो. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ ला तर दुभाष्याही लागत नाही. एल्डन रिंग प्रोटॉनवर मस्त चालतो. अर्थात चार जीबी रॅमच्या मशीनवर तो लिनक्समुळे चालेल, असं कुणी सांगितलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. ग्राफिक्स चिप वल्कन न येण्याइतकी जुनी असेल, तर प्रोटॉनही हात टेकतो.

आता वाईट बातमी. व्हॅलोरंट चालत नाही. त्याचं व्हॅनगार्ड हे अँटी-चीट विंडोजच्या पार गाभ्यात, कर्नलमध्ये बसतं, तिथे दुभाष्याचं काही चालत नाही. फोर्टनाइट नाही. एपेक्स लेजंड्स चालायचा, २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस कंपनीनेच दार बंद केलं. जीटीए ५ ची स्टोरी खेळा खुशाल, ऑनलाइन मात्र अडतं. चीड येते ती इथे, कारण त्यातलं बॅटलआय हे अँटी-चीट प्रोटॉनवर चालू शकतं. परवानगी गेम बनवणाऱ्याने द्यायची असते, आणि ती मिळत नाही. रोज रात्री ग्रुप व्हॅलोरंटवर भेटत असेल, तर लिनक्स टाकणं म्हणजे त्या कट्ट्यावरून उठणं. माझ्या मते हा तोटा किरकोळ नाही. लिनक्सप्रेमी तो फार हलक्यात घेतात. तेव्हा आपले नेहमीचे गेम आधी ‘प्रोटॉनडीबी’वर शोधा. कुठला गेम कसा चालतो, ते खेळणाऱ्यांनीच तिथे लिहून ठेवलंय.

रोजच्या कामाचं म्हणाल तर ब्राउझर, व्हीएलसी, कोडिंग सगळं झकास. असाइनमेंटला लिबरऑफिस पुरतं, पण वर्डमध्ये केलेली टेबलं कधी कधी विस्कटतात. सबमिशन पीडीएफमध्येच करा. प्रीमिअर आणि फोटोशॉप विसरा. आम्हा मास कॉमवाल्यांना एडिटिंगसाठी केडेनलाइव्ह आहे. युनिकोड मराठी इनस्क्रिप्टने छान टाइप होतं. जुन्या, बिगर-युनिकोड फॉण्टमधली फाइल आली की मात्र कपाळावर हात. आणि कॉलेजची परीक्षा सेफ एक्झाम ब्राउझरवर असेल तर सावधान, ते लिनक्ससाठी नाहीच.

लगेच काही पुसू नका. आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यावर लिनक्स मिंट चढवा आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. काहीही इन्स्टॉल न करता वायफाय, आवाज, टचपॅड तपासता येतं. जमलं तर ड्युअल बूट करा, म्हणजे परीक्षेपुरतं आणि व्हॅलोरंटपुरतं विंडोज शाबूत राहील. एनव्हीडियाचं कार्ड असेल तर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर आठवणीने टाका, आणि स्टीमचे गेम विंडोजच्या पार्टिशनवर न ठेवता लिनक्सच्याच पार्टिशनवर ठेवा. हे सगळं करण्याआधी फोटो, नोट्स, प्रोजेक्ट दुसरीकडे कॉपी करा. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की वहीत लिहून ठेवा. त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करून ठेवू नका म्हणजे झालं!