मिरची (नामार्थ)

मिरची ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती. मेक्सिकोतील ॲझटेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत तिला ‘चिल्ली’ म्हणत. या भाषेतील शब्दांचे अर्थ मुख्यतः सोळाव्या शतकातील स्पॅनिश वसाहतकालीन कोश व दस्तऐवज यांतून कळतात. फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक आलोन्सो दे मोलिना याने आपला स्पॅनिश–नाहुआत्ल कोश १५५५ मध्ये मेक्सिको शहरात प्रसिद्ध केला व १५७१ मध्ये त्यास नाहुआत्ल–स्पॅनिश भाग जोडला. अशा कोशात अपरिचित वस्तूचा अर्थ परिचित वस्तूच्या आधारे द्यावा लागतो. त्यामुळे मूळ अर्थातील भेद पुष्कळदा निसटतात. ‘तोमात्ल’ हे नाव प्रामुख्याने पातळ वेष्टनातील हिरव्या आंबट फळाचे होते. तांबड्या फळास ‘शितोमात्ल’ म्हणत. यूरोपात हा भेद लोपला आणि पहिलेच नाव दुसऱ्या फळास चिकटले.

कोशात न मावलेला अर्थ दस्तऐवजात आढळतो. बेर्नार्दिनो दे साआगुन याने नाहुआ सहकाऱ्यांकरवी सिद्ध केलेल्या बारा खंडांच्या ग्रंथाच्या (सु. १५७७) दहाव्या खंडात बाजारातील मिरचीविक्याचे वर्णन आहे. त्यात रंग, आकार, तिखटपणा व गाव यांनुसार मिरचीचे प्रकार सांगितले असून भिजका, कुबट माल विकणाऱ्याची निंदाही केली आहे.

भारतात मिरची पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात आली. मात्र ‘चिल्ली’ हे नाव मराठीने घेतले नाही. तिखटपणाच्या साम्यावरून मिरीवरून ‘मिरची’ हे नाव पडले; कोकणीत ‘मिरसांग’, म्हणजे मिऱ्याची शेंग, असे म्हणतात. वस्तुतः या दोन वनस्पतींचे कुल भिन्न आहे. प्राचीन वैद्यक ग्रंथांतील ‘मरिच’ म्हणजे मिरीच होय; तेथे मिरची असा अर्थ घेणे हा कालविपर्यास ठरतो.

व्यवहारात अर्थ कसा बदलतो, हे खानदेशातही दिसते. ‘पथारी’ म्हणजे अंथरूण, हा तिचा सर्वपरिचित अर्थ. परंतु मिरचीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या नंदुरबार–दोंडाईचा भागात लाल मिरची पसरून वाळविण्याच्या मोकळ्या जागेस पथारी म्हणतात. तेथील हिशेबाच्या कागदात हा शब्द आल्यास केवळ अंथरुणाचा अर्थ धरून वाचणाऱ्यास त्या नोंदीचा उलगडा होणार नाही.