यादीत नाव आले, म्हणजे कार्ड चालते?

लिनक्स सर्व्हरमध्ये नवे कार्ड बसवले की आधी ‘एलएसपीसीआय’ ही कमांड चालवायची, हा रिवाजच आहे. मार्टिन मारेश यांच्या ‘पीसीआययूटिल्स’मधली ही कमांड पीसीआय आणि पीसीआय एक्सप्रेस बसवरची उपकरणे ओळीने मांडते. पण त्या ओळींतून भलतेच अर्थ काढले, तर दुरुस्तीही भलतीकडेच जाते.

गैरसमज : यादीत नाव आहे, म्हणजे कार्ड चालू आहे.
वस्तुस्थिती : यादीत येण्यासाठी ड्रायव्हर लागत नाही, कार्डाने बसवर आपली ओळख दिली की पुरे. ‘-के’ जोडून कमांड चालवा. ‘कर्नेल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नसेल, तर कार्ड सापडले आहे, पण त्याला चालवणारा कोणी नाही.

गैरसमज : नावाऐवजी नुसता क्रमांक दिसला, म्हणजे कार्ड नकली.
वस्तुस्थिती : कार्ड नाव सांगतच नाही. ते उत्पादकाचा आणि उपकरणाचा असे दोन क्रमांक देते. इंटेलचा क्रमांक आहे ८०८६, म्हणजे १९७८ मधल्या त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा! क्रमांकांची नावे सर्व्हरवरच्या ‘पीसीआय डॉट आयडीज’ फाइलमधून येतात. फाइल जुनी असेल, तर नवे कार्ड बिननावाचे राहते. ‘अपडेट-पीसीआयआयडीज’ चालवून ती ताजी करता येते.

गैरसमज : ‘०३:००.०’ म्हणजे तिसरा स्लॉट.
वस्तुस्थिती : हे आकडे अनुक्रमे बस, डिव्हाइस आणि फंक्शनचे. बसचे क्रमांक मशीन सुरू होताना वाटले जातात, त्यामुळे एखादे कार्ड वाढवले की बाकीच्यांचे पत्ते सरकू शकतात. स्क्रिप्टमध्ये पत्ता कायमचा लिहून ठेवणारे इथेच फसतात. शिवाय चार पोर्टचे एकच नेटवर्क कार्ड ०३:००.० ते ०३:००.३ अशा चार ओळी घेऊ शकते. त्यामुळे ओळी मोजून कार्डे मोजू नका.

गैरसमज : १६ लेनच्या स्लॉटमध्ये बसवले, म्हणजे १६ लेन मिळाल्या.
वस्तुस्थिती : काही स्लॉट लांबीने १६ लेनचे, पण जोडणीने ८ लेनचेच असतात. रूट म्हणून ‘-व्हीव्ही’ जोडून पाहा : ‘एलएनकेकॅप’ ओळीत कार्डाची क्षमता, ‘एलएनकेएसटीए’ ओळीत आत्ता मिळालेला वेग आणि लेन. ग्राफिक्स कार्ड रिकामे असताना वीज वाचवायला वेग उतरवते, म्हणून ही तपासणी कामाचा भार असताना करा.

गैरसमज : सगळे हार्डवेअर इथे दिसते.
वस्तुस्थिती : एनव्हीएमई डिस्क दिसते, कारण ती थेट पीसीआय एक्सप्रेसवर असते. साटा डिस्कचा फक्त कंट्रोलर दिसतो. डिस्क ‘एलएसबीएलके’त शोधा. रॅमसाठी ‘डीएमआयडीकोड’, पेनड्राइव्हसाठी ‘एलएसयूएसबी’.

आणि कार्ड यादीतच नसेल, तर ड्रायव्हर टाकत बसू नका. कार्ड काढून नीट बसवा, बायोसमध्ये स्लॉट बंद नाही ना ते पाहा. दोन प्रोसेसरच्या सर्व्हरमध्ये काही स्लॉट दुसऱ्या प्रोसेसरला जोडलेले असतात; तो बसवलेलाच नसेल, तर त्या स्लॉटमधले कार्ड कधीच दिसणार नाही.