धबधबा मोठाच का वाटतो?

गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात हाजरा फॉल आहे. भर पावसाळ्यात त्याच्यासमोर उभं राहिलं की 'धबधबा' हे नाव पाण्यानंच सुचवलं असावं असं वाटतं. तेच पाणी धानाच्या बांधीत झुळझुळ शिरतं, कौलांवरून टपटप गळतं. ट, प हलके. ध, ब दणकट. जपानीतही तसंच. लहान खडा 'कोरोकोरो' घरंगळतो, मोठा धोंडा 'गोरोगोरो'. क चा ग झाला की वजन वाढलं! क उच्चारताना स्वरतंतू गप्प असतात, ग ला ते थरथरतात. ते खोल घुमणंच बहुधा कानाला मोठेपणा सुचवतं.

गंमत म्हणजे आवाज नसतो तिथेही हे चालतं. गुळगुळीत, खरखरीत हे स्पर्शाचे शब्द, पण 'खरखरीत' मधल्या 'र' ला जीभच थरथरते. भावनांचंही तेच: आपली छाती धडधडते, जपानी माणसाची 'दोकिदोकि'.

ही निव्वळ सवय म्हणावी, तर २००१ साली रामचंद्रन आणि हबर्ड या संशोधकांनी 'बूबा' व 'किकी' ही निरर्थक नावं दोन आकृत्यांना, एक गोलसर, एक टोकदार, वाटून द्यायला सांगितली. बहुतेकांनी टोकदार आकृतीला किकी म्हटलं. घरातल्या पोरांवर करून बघा, कागद-पेन्सिल पुरे.