डांबरी रस्ता सुटला की मनगट सांभाळा

गेल्या हिवाळ्यात इतवारीत सोनारकाम करणारे एक गृहस्थ उजवे मनगट धरून दवाखान्यात आले. रोज पहाटे वर्धा रोडवर तीस-चाळीस किलोमीटर सायकल चालवणारे. मित्राची जाड टायरची माउंटन सायकल घेऊन ते प्रथमच टेकडीवर गेले आणि उतारावर पडले. "डॉक्टरसाहेब, साधी लचक आहे. मालिश केली, पण दीड महिना झाला, चिमटा धरवत नाही." एक्स-रे काढला. लचक नव्हती, हाड मोडले होते.

नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली. तेव्हापासून अनेकांना हुरूप आला, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु डांबरी रस्त्यावर दमसास लागतो, तर मुरूम आणि सुट्या दगडांच्या वाटेवर तोल लागतो. रस्त्याची सवय झालेला माणूस हँडल घट्ट आवळतो, कोपरे ताठ ठेवतो आणि सीटवर बसूनच उतरतो. मग पडताना हात आपोआप पुढे टेकतो.

अशा वेळी अंगठ्याच्या मुळाशी असलेले 'स्कॅफॉइड' हे होडीच्या आकाराचे छोटे हाड मोडू शकते. त्याला रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडच्या टोकाने होतो. मध्ये मोड झाली की मागचा तुकडा उपाशी राहतो आणि हाड जुळायला वेळ लागतो. सूज थोडीच असते, म्हणून रोगी फसतो. पहिल्या एक्स-रेमध्येही कधी कधी मोड दिसत नाही.

खूण लक्षात ठेवा. अंगठा ताणल्यावर मनगटाजवळ जो खळगा दिसतो, तिथे दाबल्यावर दुखत असेल तर मोड आहे असे समजूनच वागावे. मालिश करू नये, हात ओढू नये. बोटातली अंगठी काढावी, मनगटाला आधार बांधावा, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे लावावा आणि डॉक्टरांकडे जावे. दहा ते चौदा दिवसांनी एक्स-रे पुन्हा काढावा लागतो. डोक्याला मार लागून उलटी किंवा गुंगी आली, अथवा हँडल पोटात लागून पोट दुखू लागले, तर मात्र ताबडतोब रुग्णालय गाठावे.

पडू नये म्हणून काय करावे? सुरुवात सपाट कच्च्या रस्त्यावर करा. हेल्मेट हवेच. बूट अडकणारे पेडल नको, साधे बरे. टायरमध्ये रस्त्याच्या सायकलीइतकी हवा भरू नका. उतारावर दोन्ही पेडल समपातळीत ठेवून सीटवरून उठा, अंग थोडे मागे घ्या, कोपरे सैल ठेवा. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा. पुढचा एकटा एकदम दाबू नका. नजर दगडावर नको, वाटेवर हवी.

आमच्या सोनारबुवांना अखेर शस्त्रक्रिया करून स्क्रू बसवावा लागला. चार महिने चिमटा हाती धरता आला नाही. पहिल्याच आठवड्यात आले असते तर बहुधा प्लास्टरवर भागले असते.