वादळानंतर जनरेटर लावताय? धूर घरात नको, रिटर्न करंट लाईनीत नको

श्रीवर्धन (वार्ताहर) : ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा रायगड-रत्नागिरीच्या किनारपट्टीवर विजेचे खांब काडीसारखे मोडून पडले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, दापोली, मंडणगड या तालुक्यांत कित्येक गावांना पंधरा-पंधरा दिवस लाईट नव्हती, काही वाड्यांना त्याहून जास्त. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं आणि पुन्हा तीच गत झाली. त्या दिवसांत टाकीत पाणी चढवायला आणि मोबाईल चार्ज करायला लोकांनी मिळेल तिथून जनरेटर आणले. आता तर दुकानदार, मच्छीवाले, मंडपवाले यांच्याकडे छोटा पेट्रोलचा जनरेटर असतोच, आणि बऱ्याच घरांतही आला आहे.

जनरेटर वाईट नाही. अडीनडीला तोच कामाला येतो. पण त्याच्या दोन गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत आणि जीव घेतात. एक त्याचा धूर, जो घरातल्या माणसाला मारतो. दुसरा लाईनीत उलटा जाणारा करंट, जो खांबावर चढलेल्या वायरमनला मारतो. या दोन गोष्टी नीट समजल्या तर निम्म्याहून जास्त धोका टळतो.

पडवीत ठेवलेला जनरेटर

निसर्गच्या वेळची आमच्या घरातलीच गोष्ट सांगतो. बाहेर पाऊस होता. जनरेटर भिजू नये आणि कोणी उचलून नेऊ नये म्हणून आम्ही तो मागच्या पडवीत ठेवला. खिडकी उघडी होती, वारा येत होता, म्हणून काळजी वाटली नाही. तासाभरात आईचं डोकं ठणकायला लागलं. मुलाला उलटी झाली. आम्हाला वाटलं, आठ दिवसांची दगदग आहे, पाणीही गढूळ आहे, त्याने झालं असेल. मी कळशी घेऊन बाहेर गेलो तर मला बरं वाटलं, आणि आत आलो की पुन्हा गरगरायला लागलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जनरेटर बंद केला आणि सगळ्यांना अंगणात आणून बसवलं. रात्री तो तसाच चालू ठेवून झोपलो असतो तर आज हे लिहायला मी नसतो.

जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. पेट्रोलचा वास येत नाही म्हणजे हवा चांगली आहे, असं समजू नका. श्वासातून हा वायू रक्तात गेला की ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. ऑक्सिजनपेक्षा तो रक्ताला दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. म्हणून थोडा वायूसुद्धा भारी पडतो. एक छोटा जनरेटर शेकडो मोटारगाड्यांइतका हा वायू सोडू शकतो. झोपलेल्या माणसाला तर काही कळतच नाही, तो झोपेतच जातो.

डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, उलटी, हातापायांतली ताकद जाणं, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. घरातल्या सगळ्यांना एकदमच असं व्हायला लागलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर तो जनरेटरचा धूरच समजा. सगळ्यांना ताबडतोब उघड्यावर न्या आणि १०८ ला फोन लावा. दवाखान्यात गेल्यावर "आम्ही जनरेटरच्या धुरात होतो" हे डॉक्टरांना पहिलं सांगा. कोरोनापासून घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला आहे, पण इथे त्याच्यावर विसंबू नका. हा वायू रक्तात असला तरी ते यंत्र ९८-९९ असा चांगला आकडा दाखवू शकतं.

मग जनरेटर ठेवायचा कुठे?

घराबाहेर, उघड्यावर. दारं-खिडक्यांपासून निदान वीस फूट लांब, म्हणजे साधारण आठ मोठी पावलं. सायलेन्सरचं तोंड घराकडे नको आणि शेजाऱ्याच्या खिडकीकडेही नको. पडवी, ओटी, गोठा, जिन्याखालची जागा, दुकानाचं अर्धं शटर या सगळ्या जागा बंदच धरायच्या. पंखा लावला, खिडकी उघडली म्हणून त्या चालत नाहीत.

पावसाचं काय, हा प्रश्न कोकणात येणारच. खळ्यात चार खांब रोवून वर ताडपत्री टाका, चारही बाजू मोकळ्या ठेवा. ताडपत्री उंच बांधा, कारण सायलेन्सर इतका तापतो की प्लास्टिक पेट घेतं. जनरेटर विटांवर किंवा फळीवर ठेवा, खाली पाणी साचू देऊ नका. पाऊस तिरका येऊन जनरेटरवर पडत असेल तर तेवढा वेळ तो बंद ठेवा. ओल्या हाताने त्याला हात लावू नका.

आता विहिरीबद्दल. वादळात पाला-फांद्या पडून विहिरी खराब होतात आणि उपसा करायला लागतो. त्यासाठी पेट्रोल-डिझेलचं इंजिन किंवा जनरेटर विहिरीत उतरवू नका, आतल्या टप्प्यावरही ठेवू नका. अगदी काठाला ठेवला तरी धूर आत जातो आणि तिथे वारा नसल्याने साचून राहतो. आत उतरलेला माणूस बेशुद्ध पडला तर त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. म्हणून कोणीही मागोमाग उतरायचं नाही. इंजिन बंद करा, वरून दोर टाका, १०८ आणि ११२ ला कळवा.

दोन्हीकडे पिन असलेली वायर

आता दुसरा धोका. बरेच जण एक जुगाड करतात. वायरच्या दोन्ही टोकांना पिन लावायची, एक पिन जनरेटरमध्ये आणि दुसरी घरातल्या एखाद्या प्लगमध्ये. लगेच सगळ्या घरातले दिवे लागतात. स्वस्तात काम झालं असं वाटतं.

पण वीज घरातच थांबत नाही. ती मीटरमधून उलटी सर्व्हिस वायरवर जाते, तिथून खांबावर आणि खांबावरून डीपीपर्यंत. डीपी एरवी ११ हजार व्होल्टचे २३० व्होल्ट करून आपल्या घरी देते. उलट्या बाजूने २३० व्होल्ट आले तर तीच डीपी त्याचे पुन्हा हजारो व्होल्ट करून पलीकडच्या मोठ्या लाईनीवर सोडू शकते. आपल्या अंगणातला छोटा जनरेटर दोन गावं पलीकडे तार जोडणाऱ्या माणसाचा जीव घेऊ शकतो. लाईन बंद आहे असं सबस्टेशनवरून सांगितलेलं असतं, म्हणून तो वर चढलेला असतो.

निसर्गनंतर आमच्याकडे तारा ओढायला बाहेरच्या जिल्ह्यांतून माणसं आली होती. चिखलात, पावसात दिवसभर काम करत होती. त्यातल्या एकाने खांबावर चढण्याआधी सवयीप्रमाणे तार तपासली, तर बंद लाईनीत करंट! शोधत गेले तर वाडीतल्या एका घरात दोन पिनांची वायर सापडली. घरवाल्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. वायरमन त्याला एवढंच म्हणाला, "काका, माझी पण पोरं आहेत घरी." त्यानंतर आमच्या वाडीत तशी वायर कोणी वापरली नाही.

या वायरीत घरवाल्यालाही धोका आहेच. जनरेटर चालू असताना प्लगमधली पिन निघाली तर हातात २३० व्होल्टच्या उघड्या पिना येतात. शिवाय अचानक लाईट आली तर दोन्हीकडची वीज एकमेकांवर आदळते. जनरेटर जळतो, आगही लागू शकते.

"मेन स्विच पाडला की झालं," असं काही जण म्हणतात. पण अंधारात, घाईत तो पाडायचा राहतो. लाईट आली का ते बघायला एखादं पोर तो वर करतं. नुसता फ्यूज काढला तर न्यूट्रल तशीच जोडलेली राहते. दुसऱ्याचा जीव आपल्या आठवणीवर ठेवू नका.

बरोबर पद्धत दोनच

पहिली पद्धत सोपी आहे. घरातल्या वायरिंगला हात लावायचा नाही. जनरेटरच्या सॉकेटमधून चांगली जाड वायर आणि एक्स्टेंशन बोर्ड घ्यायचा, त्यावर बल्ब, पंखा, चार्जर लावायचे. वायर गुंडाळलेली ठेवू नका, पूर्ण उलगडा, नाहीतर ती तापते. दारात चेपू देऊ नका, पाण्यातून नेऊ नका. बोर्ड घरात कोरड्या जागी ठेवा.

दुसरी पद्धत चेंजओव्हर स्विचची. संपूर्ण घर जनरेटरवर चालवायचं असेल तर परवानाधारक वायरमनकडून हा स्विच मीटरच्या पुढे बसवून घ्या. त्याचा दांडा एका वेळी एकाच बाजूला राहतो, लाईनवर नाहीतर जनरेटरवर. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच घ्या. जनरेटरच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे अर्थिंगही करून घ्या. हे काम वादळाच्या रात्री होत नाही, मे महिन्याच्या आतच उरका.

किती लोड घालायचा?

२.५ केव्हीएचा जनरेटर साधारण २ हजार वॉट देतो. एलईडी बल्ब ९ वॉट, साधा पंखा ७५ वॉट, टीव्ही १०० वॉटच्या आसपास. हे सगळं आरामात चालतं. अडचण मोटारीची आहे. १ एचपीची मोटार चालताना हजार वॉटच्या आसपास घेते, पण सुरू होताना त्याच्या कित्येक पट झटका देते. फ्रीजचंही तसंच. म्हणून मोटार लावायची तेव्हा बाकी सगळं बंद ठेवा. पाणी चढलं की मोटार बंद, मग फ्रीज. जनरेटर सुरू करताना आणि बंद करताना त्याच्यावर काहीच लोड नको.

पेट्रोल भरताना

चालू किंवा गरम जनरेटरमध्ये पेट्रोल ओतू नका. बंद करून पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या. तापलेल्या सायलेन्सरवर थेंब पडला तरी भडका होतो. हातात बिडी नको, जवळ कंदील, मेणबत्ती नको. शक्यतो उजेडातच टाकी भरून ठेवा. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबच्या चुलीपर्यंत जाते. म्हणून कॅन स्वयंपाकघरात किंवा देवघराजवळ नको, बाहेर सावलीत, झाकण घट्ट लावून, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.

एवढं लक्षात ठेवा

– जनरेटर घराबाहेर, वीस फूट लांब, उघड्यावर.
– रात्री चालू ठेवून झोपायचं नाही.
– दोन्हीकडे पिन असलेली वायर घरात असेल तर आजच कापून टाका.
– डोकं दुखलं, गरगरलं तर आधी बाहेर पडा, कारण मग शोधा.
– कोणाला शॉक लागला तर त्याला हात लावू नका. आधी जनरेटर बंद करा, मग १०८.
– तुटलेली तार दिसली तर जवळ जाऊ नका, महावितरणच्या १९१२ नंबरवर कळवा.
– गावात कोणाचा जनरेटर चालू आहे ते लाईनीवर काम करणाऱ्या वायरमनला आधीच सांगा.

शेवटचा मुद्दा ग्रामपंचायत आणि मंडळांनी मनावर घ्यावा. वादळाचा इशारा आला की गावच्या ग्रुपवर कुठे कुठे जनरेटर आहेत याची यादी टाकावी आणि वायरमनला द्यावी. खर्च काही नाही. लाईट दोन दिवस उशिरा आली तरी चालेल, पण ती जोडायला आलेला माणूस खांबावरून खाली सुखरूप उतरला पाहिजे.