बिंदूंच्या विश्वाची हद्द

शेताची हद्द ठरवायची तर मोजणीदाराला नकाशा, साखळी आणि बांधावरचा दगड लागतो. परंतु जेथे नकाशा नाही, साखळी नाही, इतकेच नव्हे तर ‘अंतर’ ही कल्पनाही मुळात दिलेली नाही, तेथे हद्द कोणत्या पुराव्याने ठरवावी? पुंज-गुरुत्वाच्या अभ्यासकांपुढील हा प्रश्न वरवर पाहता बुद्धिविलास वाटेल. पण तो तसा नाही.

1987 साली बोम्बेली, ली, मेयर व सॉर्किन या चौघांनी असा विचार मांडला की, अवकाशकाल हे अखंड वस्त्र नसून सुट्या घटनांचा संच आहे. कोणती घटना कोणत्या घटनेवर परिणाम करू शकते हा कार्यकारणाचा क्रम आणि घटनांची संख्या, एवढेच त्याचे भांडवल. मोजणी हेच घनफळ.

येथे कुळवृत्तान्ताचे उदाहरण उपयोगी पडेल. घराण्याचे गाव ठाऊक नसले तरी ज्यांच्या नावाखाली कोणाचेच नाव नाही ती मंडळी, निःसंतान पूर्वजांचा अपवाद सोडला तर, वंशाची अखेरची पिढी होय. तद्वतच ज्या घटनेनंतर एकही घटना नाही, ती त्या प्रदेशाच्या भविष्याकडील सीमेलगतची. अशा घटनांची सरासरी संख्या सीमेच्या आकारमानाच्या प्रमाणात असते. 2015 साली बक, डाउकर, जब आणि बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतील सुमती सूर्य यांनी अशाच मोजणीतून सीमेच्या वक्रतेचाही हिशेब मांडला. काळाच्या दिशेने उभ्या असलेल्या भिंतीसारख्या सीमेचे काम मात्र अधिक बिकट. तेथे घटनेला वंशज असतातच. केवळ एका बाजूचे आप्त कमी पडतात.

एवढा खटाटोप कशासाठी? आइन्स्टाइनची समीकरणे क्रियातत्त्वातून काढताना सीमेचे पद वेगळे मिळवावे लागते, हे यॉर्क यांनी 1972 मध्ये आणि गिबन्स व हॉकिंग यांनी 1977 मध्ये दाखविले. कृष्णविवराची एंट्रॉपीही घनफळावर नव्हे, तर त्याच्या क्षितिजाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. ज्या सिद्धान्ताला सीमाच ओळखता येत नाही, तो या दोन्ही ठिकाणी मुका ठरेल.

या विचाराला प्रयोगाची साक्ष अद्याप लाभलेली नाही. तथापि बाहेरून पट्टी उसनी न आणता, केवळ ‘आधी’ आणि ‘नंतर’ एवढ्यावर हद्द ठरविता येणे, ही त्याच्या सत्त्वाची पहिली कसोटी होय.