कर्करोगाची खानेसुमारी

शिरूर तालुक्यांतील मांडवगण फराटा येथील कोणा प्रौढ स्त्रीस गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला व घरच्यांनीं तिला उपचारासाठीं पुण्यास नेलें, असें क्षणभर धरून चालूं. रुग्णालयाच्या वहींत तिचें नांव चढेल, औषधोपचारही होतील. परंतु पुण्याच्या कर्करोग-नोंदणींत तिची गणना व्हावयाची नाहीं. ती नोंदणी पुणें शहर व त्यास लागून असलेली वस्ती एवढ्यापुरतीच आहे. यांत दुजाभाव कांहीं नाहीं. लाखामागें रोगी किती, हें काढावयाचें तर ते कोणत्या लोकसंख्येंतून आले, हें ठाऊक असावें लागतें. मोठ्या रुग्णालयांत अनेक जिल्ह्यांचे लोक येतात. त्यांस कोणत्या आंकड्यानें भागावयाचें? म्हणून रोग्यानें उपचार कोठें घेतले हें न पाहतां तो कोठला रहिवासी आहे, हें येथें पाहतात. आपलीं माणसें रुग्णालयांत सोयीसाठीं शहरांतल्या पुतण्याचा पत्ता देतात. त्यामुळें शहराचा आंकडा फुगतो आणि गांवाचा रोग अदृश्य होतो.

डेन्मार्कांत सबंध देशाची अशी नोंद १९४२ पासून होत आली आहे. भारतांत हें काम १९६३ सालीं मुंबईस इंडियन कॅन्सर सोसायटीनें डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकारानें आरंभिलें, आणि पुढें पुणें, औरंगाबाद व नागपूर येथेंही तें सुरू झालें. नोंदणीचे कारकून रुग्णालयें व प्रयोगशाळा यांचीं दप्तरें स्वतः जाऊन चाळतात, नगरपालिकेच्या मृत्युनोंदी पाहतात, आणि एकच रोगी दोनदां मोजला गेला नाहीं ना, याची खात्री करून घेतात. एका कागदावर माहेरचें नांव, दुसऱ्यावर सासरचें, असें झालें कीं त्यांची किती त्रेधा उडत असेल, हें वाचक-भगिनींस सांगावयास नको! या रुक्ष कामांतूनच मुंबईंतील पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचें प्रमाण इतर समाजांहून अधिक असल्याचें उघड झालें.

खेड्यांत मात्र ही पद्धति लंगडी पडते. जेथें रोगी डॉक्टरांपर्यंत पोंचतच नाहीं, तेथें दप्तर चाळून काय मिळणार? यावर तोड काढली ती बार्शीनें. १९८७ सालीं बार्शी, परांडा व भूम या तीन तालुक्यांतील खेड्यांसाठीं ग्रामीण नोंदणी सुरू झाली. देशांतील अशी ही पहिलीच. तिचे कार्यकर्ते गांवोगांव फिरले, सभा भरवून रोगाचीं लक्षणें समजावून दिलीं, आणि संशयित रोग्यांस बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयांत तपासणीसाठीं आणविलें. येथें कर्करोगाचें एकंदर प्रमाण मुंबईच्या मानानें पुष्कळच कमी आढळलें. स्त्रियांत मात्र गर्भाशयमुखाचा रोग अग्रभागीं होता. मोजणीबरोबर समजूत वाढत गेली, तसतशा स्त्रिया रोगाच्या आरंभींच्या अवस्थेंत अधिक संख्येनें येऊं लागल्या. मोजण्यासाठीं गेलेल्यांच्या हातून झालेलें हें काम मला मोजणीहूनही मोलाचें वाटतें.

पुढें त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत १,३१,७४६ स्त्रियांवर एक मोठा प्रयोग झाला; त्याचे निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाले. सर्व स्त्रिया ३० ते ५९ वर्षांच्या होत्या. एका गटाची रोगकारक विषाणूसाठीं, म्हणजे एचपीव्हीसाठीं, एकवार तपासणी करण्यांत आली. आठ वर्षांत त्या गटांतील ३४,१२६ स्त्रियांपैकीं ३४ जणी या रोगानें दगावल्या. ज्या गटास अशी तपासणी मिळाली नव्हती, त्यांतील ३१,४८८ पैकीं ६४. या दुसऱ्या गटाविषयीं पुढें बराच वाद माजला, आणि तो अगदींच अस्थानीं होता असें म्हणवत नाहीं. परंतु खेड्यापाड्यांतील मृत्यु कोणी जपून टिपले नसते, तर एका तपासणीनें एवढा फरक पडतो हें कोणास कळलेंच नसतें.

एकत्र कुटुंबांत असलीं दुखणीं सुना सासूंपाशीं बोलत नाहींत आणि सासवा कोणापाशींच बोलत नाहींत. पाळी कायमची गेल्यावर पुन्हां रक्त दिसणें, दोन पाळ्यांच्या मध्यें किंवा पतिसंबंधानंतर रक्तस्राव होणें, दुर्गंधियुक्त स्राव जाणें, हीं लक्षणें वयाचीं म्हणून सोडून देण्याजोगीं नव्हेत. आणि लक्षण कांहीं नसलें तरी तिशीनंतर तपासणी करून घेतां येते, तिला वेळ थोडाच लागतो.